जुन्या मॅन्युअल लेन्सची पाती चिकटतात: काय तपासायचं, कधी उघडायचं, कुठे थांबायचं

जुन्या मॅन्युअल लेन्स दुरुस्त करताना एक तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते: ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक लहान-मोठं करणारी, पाती आळसावलेली. रिंग फिरते, प्रत्येक आकड्यावर खट्ट वाजते, पण आतली पाती हलत नाहीत. किंवा हलतात ती रमतगमत. मालकाने तोवर टॉर्च मारून पाहिलेलं असतं, पात्यांवर काहीतरी चकाकताना दिसलेलं असतं आणि स्क्रूड्रायव्हर हातात आलेला असतो. तो आधी खाली ठेवा. अशा कित्येक लेन्समध्ये बिघाडच नसतो. आणि ज्यांच्यात असतो, त्यांच्याही पात्यांवरचं तेल हे मूळ दुखणं नव्हे. ते आलं कुठून हे पाहिलं नाही, तर आज चकचकीत पुसलेली पाती काही महिन्यांत पुन्हा ओशट होतात.

लक्षणं

तेलाने चिकटलेल्या पात्यांची खूण सहसा अशी. रिंग लहान ॲपर्चरवर ठेवून लेन्सच्या मागची पिन किंवा दांडी हलवली, तर पाती चटकन मिटण्याऐवजी सरपटत मिटतात, किंवा अर्ध्यावर अडकतात. फिल्म कॅमेऱ्यावर किंवा स्वयंचलित दांडी असलेल्या डिजिटल एसएलआरवर काढलेले फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरला व्यवस्थित येतात, पण एफ/८ किंवा एफ/११ ला पांढरे फटक पडतात (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान). एफ/२ आणि एफ/८ यांच्यात चार स्टॉपचा, म्हणजे सोळापट प्रकाशाचा, फरक असतो. शटर उघडलं तेव्हा पाती वाटेतच असली, तर यातला बराचसा जास्तीचा प्रकाश फिल्मवर पडलेला असतो. थंडीत तक्रार वाढते, उकाड्यात कमी होते, कारण तेल गार पडलं की दाट होतं.

काही लक्षणं याच तक्रारीत मिसळून येतात, पण ती वेगळी आहेत. ॲपर्चरची रिंगच जड फिरत असेल तर पात्यांचा दोष नाही. तिथलं ग्रीस सुकलंय किंवा क्लिक देणारी बारीक गोळी अडकली आहे. काच पिवळसर दिसते म्हणजे तेल नव्हे. ५० मिमी एफ/१.४ सुपर-टाकुमारसारख्या काही लेन्समध्ये थोरियम असलेली काच वापरली आहे, ती वयोमानानुसार पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवली की बरीचशी निवळते. पात्यांवरच्या वर्तुळाकार घासल्याच्या रेघासुद्धा तेल नव्हेत. त्या वर्षानुवर्षं एकमेकांवर सरकल्याच्या खुणा, त्यांना हात लावायचं कारण नाही.

एक जोडी मात्र लक्षात ठेवा: पाती ओशट आणि त्याच लेन्सची फोकस रिंग जड. ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थाने धरून ठेवलेलं तेल. काळ आणि उष्णता यांनी ते तेल सुटतं, धातूच्या पृष्ठभागावरून पसरत पात्यांपर्यंत पोचतं, आणि मागे उरलेला साबण फोकसच्या आट्यांत (एकमेकांत फिरणाऱ्या, स्क्रूसारख्या खाचांत) चिकटून फोकस जड करतो. त्यामुळे अशी लेन्स हातात आली की मी आधी फोकस रिंग फिरवून बघतो, पात्यांकडे नंतर.

याच्या उलट, वापरलेली लेन्स घेताना फोकस संशयास्पदरीत्या ढिला आणि पाती ओलीचिंब दिसली, तर कोणीतरी फटीतून बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रे आत मारलेला असण्याची दाट शक्यता. जड फोकस दोन दिवस मोकळा करून लेन्स खपवायचा हा जुना उद्योग आहे. अशा लेन्सचं काम साध्या तेलकट लेन्सच्या दुप्पट असतं, कारण तो स्प्रे काचांच्या कडांपर्यंत गेलेला असतो.

पहिली तपासणी: लेन्स मुळात तशीच चालते का?

याला एक पैसाही लागत नाही आणि निम्मा गोंधळ इथेच संपतो. प्रत्येक माऊंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवायच्या जोडणीची, पाती हलवण्याची रीत वेगळी आहे, आणि एकीची सवय असलेल्याला दुसरी बिघडलेली वाटते.

एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांचा माऊंट. त्यातल्या स्वयंचलित लेन्सच्या मागे एक पिन असते. ती दाबली की पाती रिंगवरच्या आकड्यापर्यंत मिटतात. न दाबता रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात. अनेक लेन्सवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असतो. तो मॅन्युअलवर केला की पाती पिनची वाट न बघता रिंगबरोबर हलतात. 'पाती अजिबात हलत नाहीत' अशी लेन्स आली की मी पहिल्यांदा तो खटका बघतो. हेलिऑस ४४एम-४ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांना असा खटकाच नाही. ती दुसऱ्या माऊंटच्या कॅमेऱ्यावर बसवायला साध्या ॲडॉप्टरवर लावली तर कायम पूर्ण उघडी राहणार, आणि त्यात लेन्सचा काही दोष नाही.

निकॉन एफ आणि जुन्या मिनोल्टा लेन्सचं उलटं आहे. कॅमेऱ्यावरून काढल्यावर त्यांची पाती आकड्याप्रमाणे मिटलेली असतात आणि कॅमेरा ती दांडीने उघडी धरतो. कॅनन एफडी लेन्स कॅमेऱ्याबाहेर रिंग फिरवून हलत नाही. ती माऊंटमध्ये बसल्यावरच जिवंत होते. आणि हेलिऑस ४४-२ सारखी प्रीसेट लेन्स असेल तर तिला पिनही नाही, दांडीही नाही. एका रिंगवर आकडा ठरवायचा, दुसरी हाताने फिरवून मिटायचं.

प्रीसेट लेन्सबद्दल माझं मत ठाम आहे: पात्यांवर थोडं तेल दिसलं आणि रिंग हलकी फिरत असली, तर काहीही करू नका. तिथे पाती तुमच्या बोटाच्या जोराने हलतात, स्प्रिंगच्या नव्हे. सेकंदाच्या अंशात मिटायची घाईच नाही. तेलामुळे काचांवर आतून धुरकट थर धरू लागला किंवा रिंग फिरवताना पाती अडखळू लागली, तेव्हाच विचार करा.

दुसरी: ॲडॉप्टर

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर लावलेल्या एम४२ लेन्समध्ये पिन दाबायचं काम ॲडॉप्टरच्या आतल्या कड्याने करायचं असतं. काही ॲडॉप्टरना असं कडं नसतंच. काहींना असतं पण ते पुरेसं उंच नसतं. मग पिन अर्धी दाबली जाते आणि पाती एफ/१६ ऐवजी मध्येच कुठेतरी थांबतात. तेल नसताना 'अर्ध्यावर अडकतात' म्हणणाऱ्यांचा दोष बहुधा हाच असतो. एफडीच्या ॲडॉप्टरवर बऱ्याचदा स्वतःचं कडं असतं, ते 'ओपन'वर राहिलं की लेन्सची रिंग निकामी.

ओळखायचं असं: लेन्स ॲडॉप्टरमधून काढा, पिन नखाने पूर्ण दाबून धरा आणि रिंग फिरवा. पाती शेवटपर्यंत नीट मिटली तर ॲडॉप्टर बदला, लेन्स सोडा.

तिसरी: पिन किंवा दांडी

आता पिन दाबा आणि सोडा. ती स्वतः झटकन बाहेर येते का? पिन ज्या भोकातून जाते तिथे धूळ आणि सुकलेलं वंगण साचतं, आणि मग पाती कोरडी ठणठणीत असूनही आळशी वाटतात. नॅफ्थाने, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या द्रवाने, जेमतेम ओली केलेली काडी पिनभोवती फिरवा, कोरड्या काडीने पुसा, पिन आतबाहेर करा. काडी थेंब गळेल इतकी ओली नको. लेन्सचं तोंड वर आणि माऊंट खाली असं धरा, म्हणजे द्रव आत न जाता बाहेर येईल.

पिन वाकडी असेल तर पक्कड लावू नका. ती बऱ्याचदा पातळ पितळेच्या पट्टीवर बसवलेली असते, आणि पट्टी वाकली की आतलं सगळं गणित बदलतं.

चौथी: टॉर्च आणि रात्रभराची विश्रांती

पाती मिटून टॉर्च तिरकी मारा. तेल असेल तर पात्यांच्या एकमेकांवर येणाऱ्या कडांशी ओलसर, गडद डाग दिसतात, कधी त्यांच्यावर इंद्रधनुषी झाक असते. दोन्ही बाजूंनी बघा. पुढून कोरडी दिसणारी पाती मागून ओली असू शकतात, कारण तेल येण्याचा रस्ता बहुतेक वेळा मागच्या किंवा बाजूच्या अंगाने असतो.

यानंतरची चाचणी जवळपास सगळे चुकवतात. लेन्स हातात घेतली की लोक पिन वीस-तीस वेळा दाबतात, पाती मोकळी होतात आणि 'आता चाललंय' असं वाटतं. हालचालीने तेलाचा थर पसरून पातळ होतो, एवढंच. लेन्स रात्रभर थंड जागी निवांत ठेवा, आणि सकाळी फक्त पहिला फटका बघा. एफ/१६ वर रिंग, डोळा लेन्सशी, एकदाच पिन. निरोगी लेन्समध्ये मिटण्याची हालचाल डोळ्यांना टिपताच येत नाही. क्षणात उघडी, क्षणात मिटलेली. पाती मिटताना *दिसली* तर ती मंद आहेत. दुसरा फटका बरा आणि पहिलाच आळशी असेल, तर तेल आहे पण फार नाही. पहिल्या फटक्याला पाती हललीच नाहीत, तर पुन्हा दाबू नका, रिंगही जोरात फिरवू नका. चिकटलेल्या पात्यांवर जोर लावला की एखादं पातं वाकतं किंवा आपल्या खिळीवरून सुटतं, आणि मग पुसण्याचं काम पुनर्जुळणीचं होऊन बसतं.

पाचवी: मोजून बघणं

उघडण्याआधी खात्री करायची असेल तर एकसारखा उजेड असलेल्या भिंतीचे फोटो काढा. कॅमेरा मॅन्युअलवर, संवेदनशीलता (आयएसओ) ठरलेली. शटरचा वेग एफ/२ ला १/२००० सेकंद, एफ/२.८ ला १/१०००, एफ/४ ला १/५००, एफ/५.६ ला १/२५०, एफ/८ ला १/१२५, एफ/११ ला १/६०, एफ/१६ ला १/३०. चौकटीचा मधला भाग सगळ्या फोटोंत साधारण सारखा उजळ यायला हवा. कोपरे बघू नका, उघड्या ॲपर्चरला ते काळवंडतातच.

निकॉनची जुनी लेन्स निकॉनच्याच डिजिटल एसएलआरवर असेल तर ही चाचणी खरी कसोटी आहे, कारण पाती प्रत्येक वेळी शटरबरोबर मिटतात. मिररलेसवर ती आधीच मिटलेली असतात. तिथे वेग कळत नाही, फक्त भोक योग्य मापाचं होतंय का ते कळतं. फिल्म कॅमेरा असेल तर फिल्मही खर्चू नका. मागचं झाकण उघडा, एफ/१६ आणि एक सेकंद लावा, आणि मागून लेन्समध्ये बघत शटर दाबा. तो पूर्ण सेकंदभर भोक लहान दिसलं पाहिजे. आधी मोठं आणि मग आकसत जाणारं दिसलं, तर निदान झालं.

मिररलेसवरच वापरायची असेल, भोक योग्य मापाचं होत असेल आणि काचा स्वच्छ असतील, तर इथेच थांबणं शहाणपणाचं. मंद पाती तुमच्या फोटोत दिसणारच नाहीत.

आता उघडायचं

हत्यारं मोजकी पण नेमकी हवीत. जपानी लेन्सचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खरवडून टाकतो. ०० आणि ० मापाचे जेआयएस घ्या. दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, नाव लिहिलेली रिंग फिरवायला रबराचे बुच, बारीक चिमटा, हातपंपाचा ब्लोअर, नायट्रिलचे हातमोजे, लेन्सचा कागद. टेबलावर फिकट रंगाचं कापड अंथरा, काठ थोडे वर उचलून, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळत जाणार नाही. नॅफ्था चटकन पेट घेतो; खिडकी उघडी, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि भिजलेले बोळे बाहेर वाळवल्याशिवाय कचऱ्यात नकोत.

प्रत्येक भाग हलवण्याआधी मोबाइलवर टिपा. काचेच्या गटाखाली किंवा माऊंटखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात. त्यांनी फोकसचं अंतर जुळवलेलं असतं. त्या कोणत्या क्रमाने निघाल्या आणि किती होत्या याचा फोटो नसेल, तर अनंतावरचा, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवरचा, फोकस गेला म्हणून समजा.

सुरुवात पुढून. नाव लिहिलेली रिंग बऱ्याच लेन्समध्ये बुच दाबून डावीकडे फिरवली की निघते. निघत नसेल तर बाजूला बारीक अडवणारे स्क्रू आहेत का बघा. ते लॅकने (वाळून घट्ट होणाऱ्या रोगणाने) पक्के केलेले असतात. सुईच्या टोकावर ॲसिटोनचा एक थेंब घेऊन स्क्रूवर ठेवा, थोडा वेळ थांबा, मग स्क्रूड्रायव्हर लावा. ॲसिटोन प्लास्टिकवर आणि कोरलेल्या आकड्यांच्या रंगावर सांडला तर दोन्ही खातो, म्हणून थेंब म्हणजे खरोखर थेंबच.

पुढच्या काचांचा गट बहुतेक वेळा अखंड स्क्रू होऊन निघतो. त्यातली एकेक काच सुटी करू नका. त्यांचा क्रम, दिशा आणि मधली अंतरं जशीच्या तशी परत बसवणं वाटतं तितकं सोपं नाही. गट निघाला की समोर पाती दिसतात. मागचा गटही काढा. फक्त पुढून पुसायची घाई केली की नॅफ्थाबरोबर सुटलेलं तेल मागच्या काचेवर जाऊन बसतं, आणि आत शिरलेला द्रव काचांच्या कडांवरचा काळा रंगही सोडवू शकतो.

पुसण्याची रीत

पाती सर्वात लहान भोकावर मिटा. जेमतेम ओली काडी प्रत्येक पात्यावरून आतून बाहेर, हलक्या हाताने. लगेच लेन्सच्या कागदाने टिपा; घासायचं नाही, टेकवून उचलायचं. मग पाती दहा-बारा वेळा उघडमीट करा. आता पात्यांच्या खाली दडलेलं तेल कडेने बाहेर येतं आणि प्रत्येक पात्यावर कमानीसारखी ओली रेघ उमटते. ती पुन्हा पुसा. पुन्हा उघडमीट. रेघ दर वेळी फिकी होत जाते. ती उमटायची थांबेपर्यंत हेच चालू ठेवायचं, आधी पुढून, मग मागून. कंटाळा येतो, पण अर्धवट पुसलेली लेन्स न पुसलेल्या लेन्सपेक्षा वाईट, कारण पातळ झालेलं तेल जिथे नव्हतं तिथेही पोचलेलं असतं.

रबराची पिचकारी घेऊन पात्यांवर भरपूर नॅफ्था ओतणाऱ्यांच्या नादी लागू नका. दिसायला काम झटपट होतं. तेल मात्र कुठे जात नाही, विरघळतं, पसरतं आणि द्रव उडून गेल्यावर तसंच मागे उरतं.

पाती कोरडीच चालायची असतात. ग्रीस नाही, तेल नाही, ग्रॅफाइटची पूडही नाही. त्यांना वंगण घालायचा सल्ला कोणी दिला तर नमस्कार करून निघा. बोटंही लावू नका. जुन्या लेन्सची पाती बऱ्याचदा काळपट केलेल्या पोलादाची असतात. घामाचे ठसे महिन्याभरात गंजाचे डाग होतात. पाण्याने धुणं तर नाहीच.

लेन्स उघडी असतानाच पात्यांच्या दोन्ही बाजूंच्या काचांचे आतले पृष्ठभाग टॉर्चने बघा. तेलाचा धुरकट थर इथेच बसतो. लेन्सच्या कागदाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, मधून बाहेर गोल फिरवत पुसला की जातो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेकडून आत येणारा इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचा जोडणारा सिमेंट सुटतो आहे. तो घरी सुधारत नाही.

पुसून झाल्यावर लेन्स लगेच बंद करू नका. काचांचे गट झाकून बाजूला ठेवा, पात्यांचा भाग रात्रभर वाळू द्या, आणि सकाळी पुन्हा तीच पहिल्या फटक्याची चाचणी. इथे मंद वाटली तर पुसणं पुरलेलं नाही. तेल पात्यांच्या खिळ्यांत आणि त्या ज्या भोकांत बसतात तिथे आहे.

पाती सुटी करणं

हे मी शक्यतो टाळतो. प्रत्येक पात्याला दोन बारीक खिळ्या असतात, एक वर, एक खाली. एक न हलणाऱ्या कड्याच्या भोकात बसते, दुसरी फिरणाऱ्या कड्याच्या खाचेत. पाती एकमेकांवर पायऱ्यांसारखी चढत जातात. खरी अडचण शेवटी येते: शेवटची दोन-तीन पाती आधीच बसलेल्या पहिल्या पात्याच्या *खाली* सरकवावी लागतात. पहिलं पातं चिमट्याने केसभर उचलायचं, शेवटचं खालून सरकवायचं, आणि तेवढ्यात तिसऱ्याची खिळी भोकातून सुटते. सहा पात्यांच्या लेन्सवर हे धीर धरून जमतं. काही जुन्या प्रीसेट लेन्समध्ये पात्यांची संख्या दहाच्याही वर जाते, तिथे कौशल्याइतकाच संयम लागतो.

करायचंच असेल तर पाती काढण्याआधी कड्याच्या भोकाशी आणि बाहेरच्या चौकटीशी सुईने एक खूण करा. प्रत्येक पातं नॅफ्थात बुडवून, कागदावर सपाट ठेवून पुसा. दोन बोटांत धरून पुसलं की वाकतं, आणि वाकलेलं पातं कधीच पूर्ण सपाट होत नाही. बसवताना सगळी कोरडी.

मूळ दुखणं: फोकसच्या आट्यांतलं ग्रीस

पाती साफ झाली, फोकस मात्र पूर्वीसारखाच जड, तर तेलाचा झरा अजून चालू आहे. आट्यांतलं जुनं ग्रीस काढून नवं भरेपर्यंत ते थांबणार नाही. पण हा टप्पा पात्यांपेक्षा धोक्याचा, आणि बहुतेक लेन्स इथेच बाद होतात.

कारण फोकसचे आटे एकाच ठिकाणी सुरू होत नाहीत. हेलिकॉइडला, म्हणजे या आट्यांच्या जोडीला, अनेक सुरुवाती असतात, आणि त्यातल्या कुठल्याही सुरुवातीला दोन भाग एकमेकांत तितक्याच सहज बसतात. बरोबर मात्र एकच. चुकीच्या ठिकाणी लागलं तर लेन्स गुळगुळीत फिरते, छान वाटते, आणि अनंतावर फोकस कधीच मिळत नाही, किंवा जवळचा फोकस अर्ध्यावर संपतो. म्हणून आटे सुटायच्या बेतात आले की फिरवणं अगदी हळू करा, आणि ज्या क्षणी 'टक' करून भाग सुटतो तिथेच थांबा. दोन्ही भागांवर समोरासमोर खूण आणि फोटो. काही लेन्समध्ये आत-बाहेर अशी आट्यांची दोन जोडपी असतात. दोन्ही सुटण्याच्या जागा वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात.

जुनं ग्रीस नॅफ्थाने आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा. खाचेत करडा थर राहिला तर नवं ग्रीस काही दिवसांत त्यासारखंच होतं. नवं ग्रीस हेलिकॉइडसाठीचंच घ्या, आणि फारच थोडं. आट्यांवर पातळ पारदर्शक झिलई दिसेल इतकं पुरे. पांढरे गोळे दिसले तर जास्त झालं. फोकसला मखमली जडपणा हवा म्हणून भरपूर ग्रीस थापायचा मोह होतो, आणि जास्तीचं ग्रीस पुढच्या उन्हाळ्यात पात्यांकडे निघतं. त्यानंतर लेन्स बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, मधून मधून फोकस आणि ॲपर्चर दोन्ही रिंगा फिरवत राहा.

इथे थांबा

काही गोष्टी दिसल्या की लेन्स जाणत्या कारागिराकडे द्या. एखादं पातं वाकलेलं किंवा खिळी तुटलेली. आतली केसासारखी स्प्रिंग सुटलेली. ती कुठे अडकवायची हे जुन्या फोटोत दिसत नसेल तर अंदाजाने अडकवू नका, कारण बहुतेक रचनांमध्ये पाती मिटवण्याचं काम हलक्या स्प्रिंगकडे असतं आणि तिचा ताण चुकला की कोरडी पातीसुद्धा मंद चालतात. रिंगच्या खाचा स्पॅनरने घासल्या जाऊ लागल्या असतील तर दुसऱ्या घसरणीआधीच थांबा. तिसऱ्या वेळी टोक काचेवरच जातं. जोडलेल्या काचांचं सिमेंट सुटतंय, काचेच्या कडेचा काळा रंग पापुद्र्यांनी निघतोय, स्क्रूचं डोकं गोल झालंय, हीसुद्धा त्याचीच कामं.

झूम लेन्स घरी उघडायच्या नाहीत. जवळच्या फोकससाठी काचांचे गट वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या लेन्सचे आटेही घरी सोडवायचे नाहीत. ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निक्कोर ही त्यातलीच. तिची पाती तेलकट होण्यासाठी ओळखली जातात आणि म्हणून अनेकांना ती घरीच पुसावीशी वाटते. पण तिच्या फोकसची यंत्रणा दुहेरी आहे. पाती पुसण्यापर्यंत गेलात तर ठीक, हेलिकॉइडला हात लावू नका.

कारागिराकडे देताना लेन्स अर्धवट जुळवून देऊ नका. निघालेले भाग जसे निघाले तसे, क्रमाने लावलेल्या छोट्या डब्यांत ठेवा, चकत्या वेगळ्या कागदात. काढलेले सगळे फोटो बरोबर द्या, आणि कोणता स्क्रू तुम्ही उघडलात, कुठे ॲसिटोन लावला, आटे कुठे सुटले हे सरळ सांगा. ज्या भागाला तुम्ही हात लावला नाही तोही सांगा, म्हणजे कारागीर तिथपासून शोधायला सुरुवात करेल.